फाटकातून दिलेला कापूस

गेल्या आठवड्यात शाळेतून परत येताना सिग्नलला थांबले होते. पुढे कापसानं भरलेली पिकअप उभी. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर, आणि दोराच्या काचातूनही कापूस बाहेर फुगलेला. सिग्नल सुटला, गाडीनं हिसका घेतला, आणि मूठभर पुंजका उडून माझ्या स्कूटीच्या आरशाला येऊन अडकला. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मी तो पुंजका हळूच सोडवला, पर्समध्ये ठेवला आणि मगच गाडी काढली. पंचेचाळिशीच्या बाईनं, त्यातून मास्तरणीनं, भर चौकात असं वागावं का? वागू नये. पण दिवाळी सरून यवतमाळला थंडी पडली आणि हवेत सरकीचा तेलकट वास आला की माझं असं होतं. घरच्यांना सवय आहे.

आमच्या घरात तीन पिढ्यांच्या तीन बायका राहतात. माझी माय, शेवंताबाई, सत्तरी ओलांडलेली. मी. आणि माझी मुलगी प्रज्ञा, इथंच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नवरा चंद्रपूरला नोकरीला असतो. शनिवारी येतो आणि आमच्या भांडणात पडत नाही, एवढा शहाणपणा त्याच्यापाशी आहे. भांडण एकच, आणि कापसाच्या हंगामात त्याला दरवर्षी नव्यानं पालवी फुटते. यवतमाळ तेव्हा चांगलं होतं की आता चांगलं आहे?

लोकांकडे म्हातारी माणसं जुनं ते सोनं म्हणतात आणि पोरं कानात हेडफोन घालून बसतात. आमच्याकडे उलटी गंगा. तेव्हाच्या बाजूनं मी एकटी, आताच्या बाजूनं आजी आणि नात.

"तेव्हा काय होतं वं?" माय म्हणते. "पान्यासाठी हापशीवर लाइन, चुलीच्या धुपटानं डोये लाल, अन् दिवस बुडाच्या आत घरात. आता पोरगी स्कूटीवर टांग टाकून जाते. कोनी इचारते का तिले, कुठं गेलती म्हनून?"

"मी विचारतो न," मी म्हणते.

"तू मास्तरीन हायस. तुले सवय हाय इचाराची."

"आजी, पॉइंट!" प्रज्ञा टाळी देते. "मम्मीला न फक्त बैलगाड्या आठवतात."

हो, आठवतात. का आठवू नयेत? आताचं यवतमाळ म्हणजे फ्लेक्सवरचे वाढदिवस, नाल्यापर्यंत गेलेले प्लॉट आणि रस्त्याच्या मधोमध झोपलेली जनावरं. मला विचाराल तर या गावाचा जीव तेव्हाच होता, जेव्हा त्याला सकाळी जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, भोंग्यानं जाग यायची. भोंगा झाला की आमच्या वस्तीतल्या बायका विहाराच्या समोरून लगबगीनं निघायच्या, हातात डबा, डोक्याला फडकं. त्यात माय असायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीमागं रुई अडकलेली असायची. मी तिच्या मागं बसून एकेक तंतू वेचायची. ती डोळे मिटून बसायची आणि मध्येच म्हणायची, "झालं का वं?" मी मुद्दाम नाही म्हणायची. तिच्या जवळ बसायला मिळण्याची तेवढीच वेळ होती. बाबा मी चौथीत असतानाच गेले होते. घर तिच्यावर होतं.

आणि मग तो हंगाम. साल सांगत बसत नाही. मी सातवीत होते एवढं पुरे. कापसाचा भाव बसला होता, व्यापारी हात आखडून होते आणि जिनात रोज मोजक्याच गाड्या आत घेतल्या जात होत्या. बाकीच्या गाड्या रस्त्यावर उभ्या. राळेगावकडच्या, घाटंजीकडच्या, कुठकुठल्या. फाटकापासून सुरू झालेली रांग आमच्या वस्तीला वळसा घालून विहारापुढून नाल्यापर्यंत पोचली होती. एकेक गाडी आठ-आठ दिवस हलायची नाही. बैल सोडलेले, जू टेकलेलं, आणि प्रत्येक गाडीवर माणसाच्या दुप्पट उंचीचा पांढरा ढीग.

आम्हा पोरांची चंगळ झाली. घराच्या दारातच जत्रा आली होती, तिकीट नाही, काही नाही. सकाळी उठावं तर धुक्यात बैलांच्या घंटा वाजताहेत, पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलाय, कुणी तुरीच्या शेंगा उकडल्यात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पोराच्या हातावर ओंजळभर ठेवतोय. वस्तीतल्या बायका गाडीवाल्यांना पाणी द्यायच्या, भाकरी टाकून द्यायच्या. राळेगावकडचे एक म्हातारे बाबा होते, त्यांची गाडी बरोबर आमच्या दारासमोर अडकली होती. त्यांनी मला एकदा उचलून कापसाच्या ढिगावर बसवलं. मी आडवी झाले तर खाली गेले, खाली गेले, आणि वर फक्त आभाळ उरलं. इतकं मऊ त्यानंतर माझ्या वाट्याला काही आलं नाही.

त्या बाबांच्या पोटात तेव्हा काय चाललं असेल, हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. ते गाडीच्या चाकाला टेकून तासन्‌तास फाटकाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, निवांत बसलेत.

गाड्या उभ्या राहिल्या की कापूस सांडतोच. वाऱ्यानं उडतो, बाभळीच्या काट्यांना लागतो, चाकाखाली पडतो. आमच्याकडे एक रीत होती, कुणी केली माहीत नाही, पण सगळे पाळायचे: गाडीतला कापूस शेतकऱ्याचा, जिनात गेला की मालकाचा, आणि जमिनीवर सांडला तो रस्त्याचा. रस्त्याचा म्हणजे वेचणाऱ्याचा. मी विचारलं तेव्हा ते बाबा म्हणाले होते, "घे वं पोरी. सांडलं थे रस्त्याचं. त्याले कोनी नाव ठेवत नाई."

मी आठ दिवस वेचला. शाळेत जाताना, येताना, दुपारी, संध्याकाळी. माती झटकली, काडीकचरा काढला, काळे डाग पडलेलं बोंड बाजूला केलं. मायला उशी करायची होती. दिवसभर कापसात बसणाऱ्या माझ्या मायच्या डोक्याखाली जुन्या लुगड्याची घडी असायची, हे मला कुठंतरी लागलं होतं. आठव्या दिवशी जुन्या ओढणीत बांधला तर छान गलेलठ्ठ गाठोडं झालं. संध्याकाळपर्यंत धीर कोणाला होता? दुपारच्या सुट्टीत मी धावत जिनाच्या फाटकापाशी गेले. आत कडुलिंबाखाली बायका जेवत होत्या. मी हाक मारली. माय उठून आली. फाटकाच्या गजांतून मी ते गाठोडं दाबून दाबून आत ढकललं.

"माय, तुह्यासाठी. उशी शिव."

तिनं गाठोडं हातात घेतलं, दाबून पाहिलं, आणि माझ्याकडे बघून हसली. एवढं पाहून मी शाळेत पळाले.

उशी काही झाली नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "अवं, कापूस ओला होता, किडीचा निंघाला. टाकला." मला रडू आलं, मग विसरलेही. कारण दुसऱ्या दिवसापासून माय घरीच राहायला लागली. "मंदी हाय," ती म्हणाली, "माल नाई त काम नाई." सगळं गावच मंदी म्हणत होतं. मला त्या मंदीचा काय आनंद झाला! शाळेतून यावं तर माय दारात. दुपारी तिच्या हातचं गरम वरण. माझ्या दोन वेण्या घालून द्यायला तिला वेळच वेळ. महिनाभर हे सुख होतं. मग ती एका वसतिगृहात पोळ्या लाटायला लागली आणि पुढची पंचवीस वर्षं तिनं तेच केलं. जिनात ती पुन्हा गेली नाही. जिनही नंतर बंदच पडलं.

माझं यवतमाळ म्हणजे तो हंगाम. कुणी विचारलं तुझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते, तर मी लग्न सांगणार नाही, नोकरीची ऑर्डर सांगणार नाही. धुकं, घंटा, शेंगांचा वास, आणि दारात बसलेली माय.

आता मुद्द्यावर येते. ते जिन पाडायला निघालेत. तिथं मंगल कार्यालय होणार आहे. आम्हा जुन्या गाववाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं टाकण्यापलीकडे फारसं काही न करणारा. पण या बातमीनं सगळे पेटले. चिमणी तरी वाचली पाहिजे, निवेदन द्यायचं, असं ठरलं. मजकूर लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आणि कुणीतरी म्हणालं, पहिली सही जिनात काम केलेल्या बाईची पाहिजे, आता अशा किती उरल्यात? मी छाती फुगवून सांगितलं, माझी माय आहे. सोमवारी निवेदन द्यायचं होतं.

मी दोन पानं लिहिली, मनापासून लिहिली. शेवटी माझ्या गाठोड्याचा प्रसंग घातला: याच फाटकातून एका मुलीनं आपल्या आईला कापूस दिला होता. गुरुवारी जेवणं झाल्यावर मायला सगळं वाचून दाखवलं. प्रज्ञासुद्धा चक्क ऐकत होती. माझा आवाज शेवटी जरा भरून आला, खोटं कशाला बोलू.

मी कागद मायपुढं ठेवला. पेन पुढं केलं. सही ती विहारातल्या प्रौढवर्गात शिकली होती आणि तिला ती करायला आवडते. बँकेत अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केला की तिला राग येतो. पण पेनाला तिनं हात लावला नाही.

"पाडू दे न," ती म्हणाली. "कायले पाह्यजे थे?"

"माय, तू तिथं बारा वर्षं काम केलं."

"म्हनूनच म्हनतो."

मी चिडले. मी चिडले की मास्तरणीसारखी बोलते, तशीच बोलले. आपला इतिहास आपणच पुसायचा का, आपल्या घामाची खूण राहायला नको का, वगैरे. ती ताट उचलून आत गेली. "तुला काही वाटतच नाही," असंही मी तिच्या पाठीला म्हणाले. ते वाक्य आता गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. शनिवारी संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "पाडाच्या आंधी एकदा दाखव मले थे जिन."

मला वाटलं, विरघळली. निवेदनाचा कागद मी पर्समध्ये ठेवला.

रविवारी सकाळी तिघी ऑटोनं गेलो. त्याच रस्त्यावर आता मोबाइलची दुकानं, एक जिम आणि पाणीपुरीच्या गाड्या. जिनाचं फाटक मात्र तेच. एक पल्ला निखळून झुकलेला, दुसरा उघडा. रखवालदार नाही, कुलूप नाही. आत कमरेएवढं गाजरगवत. शेडचे पत्रे कुणी काढून नेलेले. चिमणी तेवढी उभी, तिच्या डोक्यावर पिंपळ उगवलेला. कडुलिंबही होता.

माय हळूहळू चालत होती. प्रज्ञाचा हात धरून एकेक जागा दाखवत होती. "इथं आमी कवडी निवडो. कवडी म्हंजे डागी कापूस, पिवया पडलेला. इथं रुई दाबून गठाना बांधत. इथं रमाबाईची पोरगी झाली, कामावर असतानाच." आवाजात ना राग, ना माया. भाजी आणायला गेलो तर कोणतं दुकान कुठं होतं सांगावं, तसं. मी फोटो काढत होते.

परत निघालो. प्रज्ञा आणि मी फाटकाबाहेर आलो. मागं वळून पाहिलं तर माय फाटकाच्या आतच थांबली होती.

तिनं पिशवी खाली ठेवली. खांद्यावरचा पदर काढला आणि दोनदा झटकला. मग कमरेशी खोचलेल्या निऱ्यांवरून दोन्ही हात फिरवले. केसांवरून हात फिरवले. आणि दोन्ही हात बाजूला पसरून ती उभी राहिली, मान खाली घालून. कुणीतरी जा म्हणेल म्हणून.

तिथं कुणीही नव्हतं.

"आजी, काय करतेस?" प्रज्ञानं विचारलं.

माय दचकली. पदर पटकन खांद्यावर घेतला आणि ओशाळून हसली. "काई नाई वं. सवय." बाहेर येऊन ती फाटकाशेजारच्या दगडावर बसली. "रोजच कराव लागे. सुट्टी झाली की रखवालदारापुढं उभं राहाचं. पदर झाडा, निऱ्या झाडा, मंग बाहेर. कोनी रुई नेते का म्हनून."

मला एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या कापडदुकानात गेलो होतो. दारातला गार्ड बिल बघत होता. त्यानं काही म्हणायच्या आधीच मायनं पिशवी उघडून त्याच्यापुढं धरली होती आणि पदराला हात घातला होता. प्रज्ञा आणि मी किती हसलो होतो. घरी आल्यावर नवऱ्यालाही ती गोष्ट सांगून हसवलं होतं.

"तुह्या मायनं थे गाठोडं देलं न," माय बोलायला लागली. ती प्रज्ञाकडे बघून सांगत होती, माझ्याकडे नाही. "थे घेऊन मी संध्याकाळी निंघाली. पिशवीत होतं. रखवालदारानं पाह्यलं. आतला कापूस चोरला म्हने. मी म्हनलं, माह्या पोरीनं बाहेरून आनून देला. तं सगळे हासले. बरोबरच हाय न बाप्पा, जिनात कोन कापूस आनून देते? मुकादमाले बलावलं. मंग केस सोडाले लावले. सगळ्यायच्या समोर. अजून कुठं लपवला म्हनून." तिनं आत बोट दाखवलं. "गाठोडं ढिगावर टाकून देलं अन् म्हने, उद्यापासून येऊ नको."

समोरून एक मोटारसायकल गेली. प्रज्ञानं आजीचा हात घट्ट धरला होता.

मंदी नव्हतीच, किंवा होती, पण माय घरी बसली ती मंदीनं नाही. माझ्या दोन वेण्या, गरम वरण, दारातली माय; तीस वर्षं मी ज्याला माझं सोन्याचं यवतमाळ म्हणत आले, त्याची किंमत तिनं या फाटकात केस सोडून उभं राहून चुकती केली होती. आणि ते गाठोडं मी दिलं होतं. फाटकाच्या बाहेर जो कापूस रस्त्याचा होता, तो चार बोटं आत सरकवला आणि मालकाचा झाला. सगळ्या वस्तीला ही रीत पाठ होती. मलाही पाठ होती. माझ्या लक्षात आलं नाही.

"मग झाडाखाली टाकून द्याचा होता न माय," मी कशीबशी म्हणाले. "कायले घेऊन निंघाली तू?"

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "कसा टाकू? आठ दिवस वेचला होता तू."

मी तिच्याजवळ त्या दगडावर बसले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

"मले काहून नाही सांगितलं? एवढ्या वर्षांत?"

"सांगून?" माय म्हणाली. "तुले त्याच रस्त्यानं शाळेत जाच होतं रोज. याच फाटकापुढून." मग पदरानं माझं तोंड पुसत, मी सातवीतली असल्यासारखं, म्हणाली, "तुले तेव्हाचं गाव चांगलं वाटते न? वाटू दे. तसं वाटावं म्हनूनच तं बोलली नाई. लेकराले आपलं गावच चांगलं नाई वाटलं, तं थे जाईन कुठं?"

निवेदनाचा कागद पर्समध्ये होता. तो बाहेर काढायचा नाही, हे ठरवायला मला काही विचार करावा लागला नाही. रुमालासाठी आत हात घातला तर बोटांना मऊ लागलं. सिग्नलवरचा तो पुंजका. काय करावं ते न कळून मी तो मायच्या हातावर ठेवला.

तिनं तो अंगठ्यानं आणि बोटानं ओढून पाहिला. बारा वर्षं कापसात मुरलेला हात, धागा किती लांब येतो ते लगेच कळलं असणार.

"कुठला हाय?"

"गाडीतून उडाला होता माय. चौकात."

"म्हंजे रस्त्याचा," ती म्हणाली. पदराच्या टोकात तो ठेवून तिनं गाठ मारली, दोनदा ओढून पक्की केली, आणि फाटकापुढून ऑटोकडे चालायला लागली.